एका कार्डावरची दोन डोकी

गुरुपाद चौगुल्याचं डोकं रात्री एक पन्नासला दुखायला लागायचं. पावणेदोनला नाही, दोनला नाही, एक पन्नास म्हणजे एक पन्नास. तो गाढ झोपेत असो, स्वप्नात जत्रेच्या पंगतीला बसलेला असो, पानात नुकतीच पुरणपोळी पडलेली असो. कवटीच्या आत कुणीतरी जातं मांडून दळायला बसल्यासारखं व्हायचं आणि पोळी तशीच सोडून त्याला उठावं लागायचं. पडून राहिलं की दुखणं चढायचं. उठून चाललं-फिरलं की जरा सोसायचं. तास-दीड तासानं जसं आलं तसं निघून जायचं आणि दिवसभर त्याचा मागमूस नसायचा. उन्हात उभं करा, उपाशी ठेवा, बायकोशी भांडण लावून द्या, डोकं शांत. झोपेत मात्र चुकायचं नाही.

असं नऊ वर्षं चाललेलं. पहिल्या वर्षी सगळे उपाय करून झाले. चष्म्याचा नंबर बदलला, उशी बदलली, खाटेचं तोंड बदललं. महानंदानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्यानं दुखणं तिथंच राहिलं, शिंका तेवढ्या वाढल्या. शेवटी मिरजेच्या एका मोठ्या डॉक्टरनं डोक्याचे फोटो काढून सांगितलं, की आत काही वाईट नाही. आजार दुर्मिळ आहे, उतारवयात येतो, फक्त झोपेत येतो, आणि त्यानं माणूस मरत नाही. झोपताना आणि जाग आल्यावर कोरी कॉफी प्या, म्हणाला.

गुरुपाद चहाचा माणूस. कॉफीनं झोप उडते आणि हा झोपेच्या आजारावर कॉफी सांगतोय, म्हणजे डॉक्टरचंच डोकं तपासायला पाहिजे असं त्याला वाटलं. पण प्यायला, आणि दीड तासाचं दुखणं पाऊण तासावर आलं. मग महानंदाला न उठवता आपणच चुलीवर किटली ठेवायची, उकळी आली की उचलायची आणि परसातनं मळ्याकडं निघायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं.

मळा म्हणजे पानमळा. शेवरीच्या उंच रांगा, त्यांच्यावर चढलेल्या पानवेली, आणि आत भर उन्हाळ्यातही देवघरासारखा गारवा. वेल वाढेल तशी लव्हाळ्याच्या पातीनं हातानं बांधावी लागते. त्याचं यंत्र अजून निघालं नव्हतं. बाकी सगळं नरसगावात आलं होतं. ट्रॅक्टर बिनमाणसाचा चालायचा, फवारणी वरनं उडत यायची, आणि विजेवरची एस.टी. आवाज न करता मागं येऊन उभी राहायची नि म्हाताऱ्यांचा जीव वरखाली करायची. वेल बांधायला मात्र गुरुपादच लागायचा. सदुसष्टाव्या वर्षीही त्याच्या हाताची गाठ सुटत नव्हती.

मळा मूळचा तीन एकर. वडलांनी हयातीतच मधली रांग धरून दोन वाटण्या केल्या: उगवतीची गुरुपादला, मावळतीची धाकट्या रेवणसिद्धला, म्हणजे रेवाला. विहीर एक. पाण्याची पाळी एक दिवसाआड. मोटरीच्या खोलीत एक खिळा होता, त्याला किल्ली लटकायची. ज्याची पाळी त्यानं किल्ली घ्यायची, पाणी पाजायचं, परत लटकवायची. बोलायची गरजच नाही. आणि ते बरंच होतं, कारण हे दोघं सख्खे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

झालं होतं एवढंच. रेवाच्या पोरीचं लग्न ठरलं, पत्रिका छापून आली. खाली निमंत्रकांच्या यादीत चुलते, मामा, मावसे, कर्नाटकातला एक कधी न बघितलेला साडूसुद्धा. गुरुपादचं नाव नाही. सख्ख्या थोरल्याचं. त्यानं पत्रिका उलटून बघितली, पुन्हा सुलटी करून बघितली, घडी घातली आणि देवळीत ठेवून दिली. विचारलं नाही. लग्नाला गेला, अक्षता टाकल्या आणि न जेवता परत आला. रेवानंही काही सांगितलं नाही. त्या दिवशी जो अबोला बसला तो बसला. जावाजावा रोज भिंतीवरनं बोलायच्या, विरजण मागायच्या, दोघी मिळून नवऱ्यांना नावं ठेवायच्या. नवरे मात्र समोरासमोर आले तर एक आभाळ बघायचा, एक चपला.

आता यातली गंमत अशी. अबोल्याला दोन वर्षं झाली असतील. गुरुपादचं दुखणं नवीन होतं. एका रात्री तो किटली घेऊन विहिरीवर गेला. जुन्या मोटेचं पाणी जिथं पडायचं ती दगडी कुंडी, थारोळं, अजून आहे. तिच्या काठावर बसावं म्हणून गेला, तर काठावर कुणीतरी आधीच बसलेलं. दोन्ही हातांनी डोकं गच्च धरून.

"तुझं पण?" गुरुपादनं विचारलं.

"हं," रेवा म्हणाला. "तीन आठवडे झाले. दोन वीसला येतंय."

"माझं एक पन्नासला."

एवढंच बोलणं. गुरुपादनं किटली पुढं केली. रेवा उठून घरात गेला आणि दोन कप घेऊन आला. तेव्हापासून किटली थोरल्याची आणि कप धाकट्याचे. असं कुणी ठरवलं नव्हतं, ते पडून गेलं. रेवा डॉक्टरकडं गेलाच नाही. थोरल्याला सांगितलेलं औषध आपल्यालाही चालणार, दोघांचं रक्त एकच, असा त्याचा हिशोब.

एक पन्नासला उठलेला गुरुपाद अर्धा तास एकटा बसायचा. कप नसल्यामुळं कॉफी तशीच. रेवा येईपर्यंत ती कोमट व्हायची. रेवा आला की दोन घोटांत कप रिकामा करायचा, आणि मग बोलणं निघायचं. वडलांचा लंगडा बैल, विहिरीत पोहायला शिकताना रेवानं गिळलेलं पाणी, आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी. दिवसाचा विषय काढायचा नाही, पत्रिकेचा तर नाहीच. डोकं उतरलं की उठायचं. सकाळी पुन्हा एक आभाळ बघणार, एक चपला. नऊ वर्षं गावात कुणाला पत्ता नव्हता. बायकांना होता, पण त्यांनी तो आपसात ठेवला होता.

अशात आरोग्य केंद्रात डॉक्टर निलोफर तांबोळी आल्या. मिरजेच्या. त्यांचे आजोबा याच मळ्यातली पानं नेऊन विकायचे, हे कळल्यावर गुरुपादचा त्यांच्यावर विश्वास बसला. त्यांनीच त्याला ती कपाळपट्टी दाखवली. बोटभर रुंद, मऊ, कानामागनं जाणारी, वजनाला चार पानांएवढी.

बाई समजावून सांगणाऱ्या होत्या. म्हणाल्या, डोळ्यांच्या मागं, मेंदूच्या पार तळाशी, अगदी बारकासा एक भाग असतो. शरीराचं घड्याळ तिथं. भूक कधी, झोप कधी, जाग कधी, ते सगळं तो ठरवतो. रात्री माणूस स्वप्नं बघायच्या झोपेत शिरतो तेव्हा हे घड्याळ काही जणांत चुकीचा टोला देतं, आणि तो टोला शेजारच्या दुखण्याच्या शिरेवर बसतो. म्हणून ठरल्या वेळी डोकं उठतं. पट्टी काय करते, तर आधी एकवीस रात्री नुसती ऐकते. दुखण्याच्या आधी मेंदूत कुठल्या लहरी उठतात ते शिकते. शिकली की मग त्या लहरी दिसायला लागताच कानाला ऐकू न येणारा बारीक आवाज आत सोडते आणि झोपेला त्या जागेवरनं अलगद पुढं काढते. "रस्त्यात खड्डा कुठं आहे ते माहीत असलं की आपण गाडी आधीच वळवतो ना काका, तसं," बाई म्हणाल्या. पट्टी रोज डोक्याला पाहिजे, एक रात्रही चुकवायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

पट्टी सरकारी योजनेतली. पुण्याच्या प्रयोगशाळेनं बनवलेली, माणसं मोजकी, पट्ट्या मोजक्या, म्हणून एका शिधापत्रिकेला एक.

आणि इथंच घोळ झाला. घरं दोन, चुली दोन, मळे दोन, पण चौगुल्यांचं कार्ड अजून एकच होतं. कार्ड वेगळं करायचं तर दोघा भावांनी तहसीलला जाऊन एकाच कॅमेऱ्यासमोर शेजारी शेजारी उभं राहायचं, आणि आम्ही विभक्त झालो आहोत असं दोघांनी तोंडानं म्हणायचं. बोलणं बंद असलेल्या माणसांनी हे करायचं कसं? अकरा वर्षं ते काम राहिलं होतं.

त्या रात्री गुरुपादनं पट्टी थारोळ्यावर रेवाच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं.

"तुझ्या नावावर आलीया, तू लाव," रेवा म्हणाला.

"कार्डावर आलीया. कार्डावर तूपण हाईस."

रेवानं पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली. "मग पाण्यासारखं करू. एक दिवसाआड."

दोघांनाही ते इतकं सरळ वाटलं की पुन्हा विचारच केला नाही. बाईनं सांगितलं होतं पट्टी रोज डोक्याला पाहिजे. ती रोज डोक्याला असणारच होती. आज मावळतीच्या, उद्या उगवतीच्या. मोटरीच्या किल्लीच्या खिळ्यालाच पट्टी लटकायला लागली.

एकवीस रात्री पट्टी नुसती ऐकत होती. दोघं आपापल्या वेळेला उठत होते, कॉफी कोमट होत होती, गप्पा होत होत्या. बाविसाव्या रात्री गुरुपादची पाळी होती. तो झोपला आणि उठला तेव्हा पत्र्यावर ऊन आलं होतं. महानंदा उशाशी बसून त्याच्या नाकापुढं हात धरून श्वास बघत होती.

"मेलो न्हाई," तो म्हणाला.

"ते कळलं. घोरत होतासा. पण नऊ वर्षांत सूर्य तुमच्या आधी उठलेला बघितला न्हवता, म्हणून खात्री केली."

गुरुपाद त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवला. सुखच होतं ते, खोटं कशाला बोला. रात्री पुरणपोळीची पंगत पार शेवटपर्यंत होऊ लागली. कानातला सदाचा घूं आवाज गेला. वेल बांधताना शीळ घालायला लागला. पलीकडच्या अंगानं, वेलींच्या भिंतीआडून, एक दिवसाआड रेवाचीही शीळ ऐकू यायची, आणि गुरुपादला बरं वाटायचं.

पण एक दिवसाआड.

ज्या रात्री पट्टी रेवाकडं असायची त्या रात्री गुरुपाद एक पन्नासला किटली घेऊन थारोळ्यावर यायचा. अर्धा तास जायचा. दोन वीस व्हायचे. रेवाच्या दाराची कडी वाजायची नाही. वाजणार कशी, तो झोपलेला. गुरुपाद किटलीच्या झाकणात कॉफी ओतून प्यायचा. झाकणाला धरायला कान नाही, बोटं पोळायची. पाऊण तास संपता संपायचा नाही. दुसऱ्या रात्री तो झोपणार आणि रेवा इथं बसणार. म्हणजे विहिरीवर रोज रात्री एक चौगुले असायचा आणि दुसरा नसायचा. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांचं बोलणं खरोखर बंद पडलं.

चाळीस दिवस असे काढले. एकदा महानंदानं विचारलं, झोप तर मिळतीय, मग तोंड का पडलंय. त्यानं सांगितलं, की पानांवर करपा पडतोय. पानांवर करपाबिरपा काही नव्हता आणि तिला ते माहीत होतं. ती म्हणाली, दिवसा जाऊन बोला की, दार चार पावलांवर आहे. तो मळ्याकडं निघाला. दिवसा बोलायचं म्हणजे आधी पत्रिकेवर बोलायला लागणार. रात्री डोकं फुटत असताना माणूस जुना मान धरून बसत नाही. दिवसा त्याला तेवढं एकच काम असतं.

एकेचाळिसाव्या रात्री पाळी गुरुपादची. त्यानं पट्टी खिळ्यावरनं काढलीच नाही. तशीच राहू दिली आणि झोपला. एक पन्नासला जातं सुरू झालं. इतकं झोंबलं की डोळ्यांतनं पाणी आलं. सवय मोडली होती. तरी उठला, कॉफी केली, जाऊन बसला. थोड्या वेळानं कडी वाजली. रेवा आला तो डोकं धरून, आणि एका हाताच्या बोटांत अडकवलेले कप. दोन.

थोरल्याला बघून तो थबकला. "आज पट्टी तुझ्याकडं."

"चार्जिंग न्हवतं," गुरुपाद म्हणाला. मग कपांकडं बघत, "मी झोपणार ठाव होतं, मग दोन कप कशाला?"

रेवानं कॉफी घेतली, दोन घोटांत संपवली. त्या रात्री वडलांचा लंगडा बैल नव्यानं निघाला.

दुसऱ्या रात्री पाळी रेवाची. दोनच्या पुढं कडी वाजली. "चार्जिंग न्हवतं," रेवा म्हणाला, आणि दोघंही हसले नाहीत. आठ रात्री पट्टी खिळ्यावर लटकत राहिली, किल्लीच्या शेजारी, पूर्ण चार्ज होऊन.

नवव्या दिवशी सकाळी अकराला डॉक्टर तांबोळी थेट मळ्यात आल्या. गुरुपाद मधल्या रांगेपाशी वेल बांधत होता. त्यांनी हातातली काचेची पाटी त्याच्यापुढं धरली. त्यावर दोन उंचवटे होते, शेजारी शेजारी ओढलेल्या सरींच्या वरंब्यांसारखे.

बाईंनी सांगितलं ते असं. आठ दिवस पट्टीतनं काही येईना म्हणून त्यांनी मागचं सगळं उघडून बघितलं, आणि त्यांना घाम फुटला. माणसाला घड्याळ एक असतं. या माणसाला दोन दिसतायत. पहिलं एक पन्नासला टोला देतंय, दुसरं दोन वीसला. एक दिवसाआड. "आणि हे बघा काका," त्या म्हणाल्या, "दोन्ही घड्याळं एकमेकांकडं सरकतायत. पट्टी दोघांचा मेळ घालायला बघतीय. असं कधी कुठं नोंदलेलं नाही. पुण्याची मंडळी झोपलेली नाहीत परवापासून."

गुरुपादनं हातातली लव्हाळ्याची पात बोटाला गुंडाळली.

बाई पुढं म्हणाल्या, आता दोनच गोष्टी असू शकतात. एक तर तुमचा मेंदू जगावेगळा आहे. तसं असेल तर सोमवारी पुण्याला यायचं, दोन महिने तिथंच राहायचं, रोज रात्री तपासणी. नाहीतर पट्टी दुसऱ्या कुणीतरी लावली. तसं असेल तर नियमानं ती परत जाणार आणि कार्डावरचं नाव कटणार. "खरं सांगा. दुसरं कुणी लावत होतं?"

मधल्या रांगेपलीकडं पानं हलायची थांबली होती. तिकडंही कुणीतरी वेल बांधत होतं.

गुरुपादला तोंड उघडून 'माझा भाऊ' एवढं म्हणायचं होतं. अकरा वर्षं दिवसाउजेडी तो शब्द तोंडातनं निघाला नव्हता. आणि म्हटला तर पट्टी जाणार. आपली जाईल ती जाईल, रेवाची एक दिवसाआडची झोपही जाणार. दोन महिने पुण्याला गेलं तर तिथं त्यांची यंत्रं असतीलच, निदान पट्टी खिळ्यावर राहील, रेवा रोज लावेल, रोज झोपेल. थारोळं तेवढं रिकामं राहील.

"दुसरं कोन असणार," तो म्हणाला. "माझंच डोकं बिघडलेलं. येतो सोमवारी."

बाई त्याच्याकडं बघत राहिल्या. त्यांचा विश्वास बसला नव्हता, पण पाटीवर बोट ठेवून त्या नाव लिहायला लागल्या.

तेवढ्यात वेलींच्या भिंतीपलीकडनं आवाज आला.

"बाई, ते दुसरं घड्याळ माझं हाय."

पानं बाजूला झाली. वेलींच्या फटीतनं रेवाचं तोंड दिसलं, घामानं भिजलेलं, दातांत लव्हाळ्याची पात. ती त्यानं काढली आणि सगळं सांगितलं. कार्ड, खिळा, पाण्याची पाळी, सगळं. सांगताना तो बाईंकडं बघत होता, थोरल्याकडं नाही. शेवटी म्हणाला, "पुन्याला त्याला एकट्याला न्यायचं न्हाई. रात्री त्याला एकट्याला लई झोंबतं. न्यायचं तर दोगांना न्या."

डॉक्टर तांबोळींनी पाटी खाली केली. आधी त्या रागावल्या, आणि चांगल्या रागावल्या. मेंदूची पट्टी म्हणजे मोटरीची किल्ली वाटली का, काही भलतं झालं असतं तर कुणाला विचारायचं होतं. दोघं म्हातारे शाळेतल्यासारखे मान खाली घालून उभे, एक अलीकडं, एक पलीकडं. मग बाईंना पाण्याच्या पाळीचं आठवलं असावं, कारण त्यांनी ओढणी तोंडाला लावली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसणं ओसरल्यावर त्या बाजूला जाऊन पुण्याला फोन लावून बसल्या. अर्धा तास बोलल्या.

परत आल्या त्या वेगळीच बातमी घेऊन. पुण्याची मंडळी चिडायच्या ऐवजी खूश होती. हा आजार एका रक्तात चालतो का, हे त्यांना कधीचं बघायचं होतं, आणि इथं दोन सख्खे भाऊ आयतेच सापडले. दुसरी पट्टी पाठवणार होते. पहिलीनं जे शिकलंय तेच दुसरीत भरून. अट एकच, की दोघांची नोंद एका कार्डावर, एकाच घरातली म्हणून राहिली पाहिजे. कार्ड फोडायचं नाही.

"नवीन अर्ज भरायचाय," बाई म्हणाल्या. "दोघांची नावं सांगा. पहिलं कुणाचं?"

"थोरल्याचं वर लिवा," रेवा म्हणाला. "गुरुपाद शिवलिंग चौगुले. नीट लिवा. मागल्या खेपेला छापणाऱ्यानं ती ओळच खाल्ली."

गुरुपादनं पात बोटावरनं सोडवली, पुन्हा गुंडाळली.

"म्हंजे तू दिलं हुतंस?"

"पहिलंच दिलं हुतं. कागद अजून हाय घरात."

"मग तवाच का न्हाई सांगितलंस?"

"तू इचारलं न्हाईस. मला वाटलं, सख्ख्या भावावर एवढा भरवसा नसंल तर कशाला सांगायचं."

अकरा वर्षं. गुरुपादनं वेलीला मारायची गाठ तीन वेळा मारली आणि तीन वेळा सुटली. मग तो म्हणाला, की अक्षता टाकून तो उपाशी परत आला होता त्या दिवशी, आणि घरीही काही नव्हतं, कारण महानंदा रेवाकडंच जेवत बसली होती. रेवा म्हणाला, ते ठाऊक आहे, त्याच्या वाटणीचं ताट बांधून ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी म्हशीनं खाल्लं. बाईंनी दोन नावं लिहिली, थोरल्याचं वर, आणि हळूच निघून गेल्या.

त्या दिवसापासून दोघं दिवसाही बोलायला लागले. बोलायला म्हणजे भांडायला. किल्ली उशिरा लटकवली, पाट फुटला, तुझी शेवरी माझ्या बाजूला वाकली. सकाळपासून वेलींच्या आरपार आवाज. महानंदा भिंतीवरनं जावेला म्हणाली, की अबोला होता तेव्हा कानाला किती सुख होतं. पण संध्याकाळी ती दोन्ही घरचं एकदम विरजण लावायला लागली, कारण गुरुपाद दही खायला कुठल्या घरात जाईल याचा आता नेम राहिला नव्हता.

दुसरी पट्टी आली. दोघंही रोज रात्रभर झोपायला लागले. दीड महिना असा गेल्यावर डॉक्टर तांबोळींनी बोलावून सांगितलं, की आता आठवड्यातनं एक रात्र पट्टी काढून ठेवायची. आत आजार किती शिल्लक आहे ते त्या रात्री कळतं. डोकं दुखेल, त्याला इलाज नाही. एकाची रात्र रविवारची ठेवू, दुसऱ्याची बुधवारची, म्हणजे दोघांवर नीट लक्ष ठेवता येईल.

"दोगांची रविवारची ठेवा," गुरुपाद म्हणाला.

"अहो, एकाच रात्री दोघांना त्रास कशाला?"

"दोगांची रविवारचीच," रेवा म्हणाला. बाईंनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि तसं लिहून टाकलं.

पहिल्या रविवारी दोन्ही पट्ट्या खिळ्यावर लटकल्या, किल्लीच्या दोन बाजूंना. गुरुपाद झोपताना मनात म्हणाला, एक पन्नासला उठायचं, कॉफी करायची, अर्धा तास बसायचं. रात्री जातं सुरू झालं. पूर्वीपेक्षा सौम्य, आत दळणाऱ्याचे हात थकल्यासारखं. त्यानं उठून चूल पेटवली, किटली ठेवली, उकळी आली तशी उचलली आणि परसाचं दार उघडलं. त्याच क्षणी शेजारची कडी वाजली.

रेवा दारात. हातात दोन कप.

"लवकर उठलास," गुरुपाद म्हणाला.

"मी? तूच उशीर केलास."

गुरुपादनं खिशातनं फोन काढला. कॉफी होईपर्यंत दोन पंधरा झाले होते. म्हणजे डोकं उठलं ते दोन पाचला. रेवानंही आपलं घड्याळ सांगितलं, दोन पाचलाच जाग आली होती, मग तोंड धुवून कप शोधण्यात वेळ गेला. दोघंही अंगणात उभे राहून विचार करायला लागले. एक पन्नास आणि दोन वीसच्या बरोबर मधोमध. पट्टीला हे दोघं कधी दोन वाटलेच नव्हते.

"सोमवारी बाईला सांगायला पाहिजे," रेवा म्हणाला.

"सांगू. आधी बस."

थारोळ्याच्या दगडावर बसून गुरुपादनं कप भरले. रेवानं नऊ वर्षांच्या सवयीनं कप तोंडाला लावला, मोठा घोट घेतला, आणि तोंड उघडं टाकून, जीभ बाहेर काढून, मोकळ्या हातानं वारा घालायला लागला.

गुरुपादला आधी कळेना काय झालं. मग कळलं, आणि हसू लागला. इतका हसला की डोकं दुप्पट ठणकलं, डोक्याला हात लावून हसला, दगडावरनं घसरता घसरता हसला. घरातनं महानंदाचा झोपेतला आवाज आला, की तुमचं डोकं दुखतंय का काय चाललंय.

"दुखतंय," त्यानं आतल्या बाजूला ओरडून सांगितलं. मग रेवाच्या कपात फुंकर मारली आणि म्हणाला, "गरम हाय. दमानं पी."